उर्वरित महाराष्ट्रातल्या बायका

(जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील महिला गटांच्या धुळे येथील एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



आजच्या पत्रकावर माझ्या बोलण्याचा विषय 'प्रादेशिक असमतोल आणि स्त्रिया' असा छापला आहे. शब्द जड आहेत. अक्राणीच्या मैत्रिणी काल दुपारी घरून निघून आज इथे पोचल्यात, त्यांच्यासमोर आकडेवारीचा तास घ्यायचा माझा विचार नाही. समाजकार्याचं शिक्षण घेताना मी या विषयावर पुष्कळ वाचलं, परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळवले. विषय कळू लागला तो मात्र रेशनकार्डाच्या आणि दाखल्यांच्या रांगेत बायकांबरोबर उभं राहायला लागल्यावर. म्हणून आज बोलणार आहे ते बरंचसं कागदांबद्दल. कोणत्या बाईला कुठली मानलं जातं, आणि तसं मानण्यात पैशाचा किती हात असतो, हे मला तुमच्याबरोबर तपासून बघायचं आहे.

आधी आपल्या खान्देशाबद्दल. इंग्रजांनी १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. १९६० साली महाराष्ट्र झाला, पूर्व खान्देशाचं जळगाव झालं आणि पश्चिम खान्देशाचं धुळे. १ जुलै १९९८ला धुळ्यातून नंदुरबार वेगळं निघालं. विदर्भ-मराठवाड्याला १९५३च्या नागपूर करारात आश्वासनं मिळाली होती. पुढे घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये तीन विकास मंडळं आली. एक विदर्भाचं, एक मराठवाड्याचं आणि तिसरं 'उर्वरित महाराष्ट्रा'चं. आपण तिसऱ्यात. म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि धडगाव एकाच पंगतीत. वाढणाऱ्याने पंगतीला किती वाढलं याचा हिशेब द्यायचा, कोणाच्या पानात काय पडलं हे विचारायचं नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये या मंडळांची मुदत संपली. खान्देशाला, उत्तर महाराष्ट्राला स्वतंत्र मंडळ हवं ही मागणी जुनी आहे आणि ती मला रास्तच वाटते. पण 'उर्वरित' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला जिल्हा आठवला नाही, घर आठवलं. सगळे जेवून उठल्यावर भांड्यात राहतं ते उर्वरित, आणि ते कोण खातं हे इथे कोणाला सांगायची गरज नाही.

सरासरी ही मोठी लबाड गोष्ट आहे. नंदुरबार धुळ्यात होतं तोवर नंदुरबारची गरिबी धुळ्याच्या सरासरीत झाकली जायची. जिल्हा वेगळा झाला आणि उघडी पडली. महाराष्ट्राच्या २०१२च्या मानव विकास अहवालात नंदुरबार सगळ्या जिल्ह्यांत शेवटचं होतं, निर्देशांक ०.६०४. मुंबईचा ०.८४१. धुळे नंदुरबारच्या वर, जळगाव धुळ्याच्याही वर. बाईची गरिबी अशीच कुटुंबाच्या सरासरीत झाकलेली असते. दहा एकर बागायतीच्या घरातून जी रात्री अंगावरच्या साडीनिशी बाहेर काढली जाते, ती दुसऱ्या दिवशी तहसीलमध्ये उत्पन्नाचा दाखला मागायला गेली की तिला म्हणतात, 'तुमचं तर केळीचं घर आहे.' घर कोणाचं?

आता थोडं लांब जाऊन येऊ. युरोपात जायचं आहे, पण तिथल्याही बायकांकडेच.

युरोपातले देश एकत्र येऊन त्यांचा एक संघ झाला हे तुम्ही ऐकलं असेल. १ मे २००४ला त्यात दहा नवे देश आले, त्यातले आठ पूर्वी साम्यवादी राजवटीत असलेले. २००७ मध्ये रुमानिया आणि बल्गेरिया आले. कागदावर सगळे सारखे, सगळे युरोपीय. पण जुन्या श्रीमंत सभासदांना मुभा होती की नव्या गरीब देशांतले कामगार सात वर्षांपर्यंत दाराबाहेर थोपवावेत. मालाला दार उघडं, भांडवलाला उघडं, माणसांसाठी मात्र थांबा. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच २००४ मध्ये लगेच दार उघडलं. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने २०११ पर्यंत थांबवून ठेवलं.

तरीही बायका गेल्याच, कारण श्रीमंत देशांतली म्हातारी माणसं सांभाळायला कोणी नव्हतं. इटलीत अशा बाईला 'बादान्ते' म्हणतात. रुमानियाच्या, युक्रेनच्या, मोल्दोवाच्या बायका इटलीत म्हाताऱ्यांना भरवतात, त्यांचे कपडे बदलतात, रात्री उशाशी झोपतात. त्यांची स्वतःची मुलं गावाकडे आजीजवळ. ऑस्ट्रियात हेच काम स्लोव्हाकियाच्या आणि रुमानियाच्या बायका करतात, चोवीस तासांचं. या बायका कर भरतात, वर्गणी भरतात, म्हणून त्यांच्या मुलांना ऑस्ट्रियाचा कुटुंबभत्ता मिळायचा. २०१९ पासून ऑस्ट्रियाने काय केलं? ज्या देशात राहणीमान स्वस्त, तिथे राहणाऱ्या मुलांचा भत्ता कमी केला. मूल रुमानियात वाढतंय ना, मग त्याला कमी पैशांत भागेल. आईने वर्गणी भरायची पूर्ण, मुलाला भत्ता अर्धामुर्धा. शेवटी जून २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: जी दुसऱ्यांइतकीच वर्गणी भरते तिला दुसऱ्यांइतकाच हक्क.

आणखी एक किस्सा सांगते, कारण तो आपल्या कामाचा आहे. ग्रीस, स्पेन, पोर्तुगाल वगैरे दक्षिणेकडचे देश कर्जात बुडाले होते. २०१७च्या मार्चमध्ये नेदरलँड्सचे अर्थमंत्री, जे सामायिक चलन वापरणाऱ्या देशांच्या अर्थमंत्र्यांच्या गटाचे अध्यक्षही होते, एका जर्मन वर्तमानपत्राला म्हणाले की सगळा पैसा दारूवर आणि बायकांवर उडवून मग मदत मागता येत नाही. दक्षिणेकडच्या देशांत गदारोळ झाला, आमचा अपमान झाला म्हणून. देशांचा अपमान झाला हे खरंच. पण बायका या उधळपट्टीच्या यादीत दारूशेजारी बसवल्या गेल्या. पोर्तुगालच्या, ग्रीसच्या बायका त्या संकटात कमी पैशांत घर चालवत होत्या, त्या त्या मंत्र्यांना दिसल्याच नाहीत.

हे वाक्य मला ओळखीचं वाटलं. आपल्याकडे ते रोज ऐकू येतं. 'आदिवासी उचल घेतात आणि दारूत घालवतात.' मुकादम म्हणतो, कारखान्याचे बाबू म्हणतात, आपल्यातल्याही काहीजणी म्हणतात. मी त्यांना शहाद्याची आठवण देते. १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली, जमिनीचा आणि मजुरीचा लढा सुरू झाला, आणि त्याच लढ्यातून तिथल्या आदिवासी बाया दारूच्या भट्ट्या फोडायला बाहेर पडल्या, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना गावासमोर जाब विचारू लागल्या. आपल्या चळवळीचे कागद चाळलेत तर महाराष्ट्रातल्या स्त्री-मुक्तीच्या सुरुवातीत पुण्यामुंबईच्या बरोबरीने शहादा लिहिलेलं सापडेल. दारूचा प्रश्न तिथे गरीब बाईनेच मांडला, तिला तो कोणी शिकवला नव्हता.

उचल कोणाच्या हातात पडते तेही बघा. दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांचा ऊस कित्येक वर्षं आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या आणि डांगच्या आदिवासींनी तोडला आहे. मोजायचं माप 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तो तोडणार, ती साळणार, मोळ्या बांधणार, डोक्यावर वाहणार, शिवाय पहाटे उठून भाकरी आणि रात्री पाणी. हिशेबाच्या वहीत नाव एक, त्याचं. उचल त्याच्या हातात, फेडताना मात्र घाम दोघांचा. वर्ष संपतं तेव्हा उचल शिल्लकच असते, पुढच्या हंगामाला पुन्हा जायचं. म्हणजे ती बाई सहा महिने ज्या राज्यात राबते तिथल्या कागदावर नाही आणि सहा महिने ज्या गावात राहते तिथल्या ग्रामसभेत हंगामामुळे हजर नाही.

या सीमेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण नवापूर-तळोद्याच्या मैत्रिणींनी तसा आग्रह केला आहे. १९६०ला द्विभाषिक मुंबई राज्य मोडलं तेव्हा पश्चिम खान्देशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदे या तालुक्यांतली दीडशेवर गावं गुजरातेत गेली. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर मधोमध कापलेलं आहे, फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत, आणि लोक त्या बाकड्यावर बसून फोटो काढतात. फोटोला ठीक आहे. पण सोयरिकी त्याच्या आधीपासूनच्या आहेत. गामीत, गावित, मावची, पाडवी ही नावं अनुसूचित जमातींच्या यादीत एकाच नोंदीत येतात, महाराष्ट्राच्या यादीतही आणि गुजरातच्या यादीतही. उच्छलची मुलगी नवापूरला देतात, नवापूरची सोनगडला. भाषा एक, देव एक, डोंगरही एकच.

आणि आरक्षण? ते रुळ ओलांडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये एका निकालात सांगितलं की जमातीचा दर्जा त्या त्या राज्यापुरता असतो. दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथल्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही. तो निकाल एका विद्यार्थ्याच्या प्रवेशाचा होता, वडील नोकरीसाठी महाराष्ट्रात आले होते. पण विचार करा, आपल्या देशात गाव सोडून दुसरीकडे जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त कोण? लग्न झालेली बाई. तिचं जाणं कोणी स्थलांतरच धरत नाही, ती 'नांदायला' जाते. जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५०ला वाडवडील कुठे राहत होते ते विचारतात. त्या तारखेला गुजरात राज्य नव्हतं, महाराष्ट्र राज्यही नव्हतं! सीमेपलीकडून आलेली सून डी.एड. झाली असली तरी इथे शिक्षकभरतीला ती खुल्या गटात, आणि तिची नणंद राखीव गटात. दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करतात.

हे नियम सगळे दुष्टपणातून आले असं मी म्हणत नाही. दुसऱ्या राज्यातल्या शिकलेल्या लोकांनी येऊन इथल्या आदिवासींच्या जागा घेऊ नयेत हे बरोबरच आहे. पण नियम करताना डोळ्यांसमोर होता तो नोकरीसाठी राज्य बदलणारा पुरुष. लग्नाने राज्य बदललेल्या बाईचा विचार झालेला दिसत नाही.

बरं, विचार झाला तर कसा होतो? २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली, महिन्याला १५०० रुपये. सुरुवातीला अट महाराष्ट्राच्या रहिवासाची. मग ओरड झाल्यावर दुरुस्ती आली: परराज्यात जन्मलेल्या बाईने महाराष्ट्रातल्या रहिवाशाशी लग्न केलं असेल तर नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालेल. सीमेवरच्या कितीतरी जणींना या दुरुस्तीचा फायदा झाला, मीही फॉर्म भरून दिले. पण ती महाराष्ट्राची झाली ती नवऱ्याच्या शाळेच्या दाखल्यावर. तिने इथे पंधरा वर्षं रोजंदारी केली, इथे मतदान केलं, त्याने नाही झाली. नवऱ्याने टाकलं तर? दाखला त्याच्या ट्रंकेत. पुढे २०२५ मध्ये ई-केवायसी आली, तेव्हाही नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. परित्यक्तांनी काय करायचं, हा प्रश्न आपल्या गटांना आधी विचारावा लागला, मग सरकारला सुचला.

आता सुरतेबद्दल. शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर, पारोळा, इथल्या प्रत्येक गावाचं एक बिऱ्हाड सुरतेत आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतून चालताना अहिराणी सहज कानावर पडते. तिथे मनपाच्या मराठी शाळाही आहेत. खान्देशातून गेलेला माणूस तिथून खासदारही झाला. मग सुरतेने आपल्या लोकांना सामावून घेतलं म्हणायचं का? ज्यांचं बस्तान बसलं त्यांना घेतलं. पैसा आला की माणूस कुठलाही होऊ शकतो. आपले जळगावचे व्यापारी मुंबईत गेले की मुंबईचे होतात, अमेरिकेत गेले की दोन्हीकडचे होतात आणि गावाकडे त्यांचा सत्कारही होतो. गरीब माणूस मात्र जिथे जातो तिथे 'बाहेरचा', आणि परत आला की 'आता तुमचं इथे काय'.

एका बाईचं सांगते, गाव आणि ओळख बदलून. लग्नानंतर बारा वर्षं सुरतेत. ती घरी साड्यांना टिकल्या लावायची, नगावर पैसे. नवऱ्याने दुसरी आणली. ही दोन मुलं घेऊन माहेरी आली, शिंदखेड्याच्या बाजूला. नाव सुरतेच्या रेशनकार्डात. इथे नवीन कार्डात नाव घालायचं तर तिथे नाव कमी केल्याचा दाखला आणा. तो आणायचा तर कार्डाचा कर्ता नवरा, त्याची सही. मुलांचे शाळेचे दाखले गुजरातीत, इथल्या शाळेत वाचणारं कोणी नाही. माहेरच्या कार्डात भावाची बायको नाव घालू देईना, तिचंही चुकत नव्हतं, तिला स्वतःचं धान्य पुरत नव्हतं. सासर सुरतेत, माहेर भावाचं. एका कचेरीत तिला विचारलं, 'बाई, तुम्ही नक्की कुठल्या?' ती गप्प बसली. बारा वर्षं 'काय करी राहिनी' म्हणत शेजारणींशी अहिराणीत बोलणारी बाई होती ती, तोंड नसलेली नव्हे.

महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात २०१९च्या ऑगस्टपासून रेशनकार्ड एकमेकांकडे चालू लागलं, देशात सगळ्यात आधी सुरू झालेल्या दोन जोड्यांपैकी ही एक. चांगली गोष्ट आहे, वापरा. पण कार्ड चालतं ते अखंड कुटुंबाचं. कुटुंब फुटलं की कार्ड ज्याच्या खिशात त्याचं.

तिच्या बाबतीत आम्ही दोन गोष्टी केल्या, त्या सगळ्या गटांनी लिहून घ्या. पोटगीचा अर्ज सुरतेला जाऊन करावा लागतो असं तिला सांगितलं गेलं होतं. ते खोटं आहे. पूर्वीचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. अर्ज बायको जिथे राहते तिथल्या न्यायालयात चालतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्यात तर कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती राहत असेल तिथेही चालतो. तात्पुरती! कायद्यात बाईच्या बाजूचा इतका चांगला शब्द क्वचित सापडतो. माहेरी आलेल्या, मैत्रिणीकडे राहिलेल्या, अगदी आधारगृहात असलेल्या बाईलाही त्याच तालुक्यात दाद मागता येते.

जळगावच्या मैत्रिणींना आतापर्यंत वाटत असेल की हे सगळं पश्चिमेकडचं, गरिबांकडचं चाललंय. आपल्याकडे केळी आहे, सोन्याचा बाजार आहे, कारखाने आहेत. आहेच. पण २०११च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुली जळगाव जिल्ह्यात ८५० पेक्षा कमी आणि नंदुरबार जिल्ह्यात ९४० च्या वर होत्या. धुळे मधे. सगळ्यात गरीब जिल्ह्यात मुली सगळ्यात जास्त जगल्या. सोनोग्राफीचे पैसे ज्यांच्याकडे होते त्यांनी मुली कमी केल्या. विकासाचा निर्देशांक काढताना हा आकडा वेगळ्या पानावर असतो.

आणि आता त्याच बागायती पट्ट्यात मुलांना मुली मिळत नाहीत. मग दलालामार्फत सून आणतात, मध्य प्रदेशातून, विदर्भातून, कुठल्या तरी कोरडवाहू तालुक्यातून. तिच्या घरी काही रक्कम जाते, दलालाकडे त्याहून जास्त. ती मुलगी भाषा न समजता घरात येते, तिची जात हळू आवाजात सांगितली जाते, हळदीकुंकवाला तिला पुढे करत नाहीत. ती पळून गेली की पेपरात बातमी येते, 'लग्नाळू तरुणाला गंडा'. ती का पळाली हे त्या बातमीत नसतं. मी अशा दोघी-तिघींना भेटले आहे. एकीने दागिने नेले होते, हेही खरं. पण दुसरी फक्त चपला घालून निघाली होती. दोघींवर मथळा एकच पडला असता. ऑस्ट्रियाला म्हातारी सांभाळायला रुमानियाची बाई लागते, आपल्या श्रीमंत तालुक्याला वंश चालवायला गरीब तालुक्याची. तिथल्या बाईने न्यायालयात 'मी वर्गणी भरते' एवढं तरी म्हणता आलं. आपल्या या सुनांकडे लग्नाची नोंदसुद्धा नसते.

२०२०ची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या मे महिन्यात रुमानियातून व्हिएन्नाला खास रेल्वेगाडी सोडली, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांसाठी, कारण श्रीमंतांचं अडलं होतं. आणि ८ मेला जालन्याहून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळावर झोपेत मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातले होते, आणि त्यांना गाठायचं होतं आपलं भुसावळ. तिथून घरची गाडी मिळेल म्हणून.

नर्मदेच्या वसाहतींतल्या मैत्रिणी आज आल्या आहेत. त्यांचा प्रश्न मी थोडक्यात मांडते, बाकी त्या बोलतीलच. सरदार सरोवरात आपली अक्कलकुवा-अक्राणीची तेहतीस गावं गेली. पाणी मुख्यतः गुजरातला. १९७९च्या लवादाच्या निवाड्यात सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब धरलं होतं. सज्ञान मुलीला नाही. अठरा वर्षांची बहीण आणि अठरा वर्षांचा भाऊ, दोघांची एकच झोपडी बुडाली, कुटुंब धरला गेला तो भाऊ. ही एक ओळ गेली चाळीसहून अधिक वर्षं कितीजणींच्या आयुष्यावर बसली आहे, त्याची मोजदाद आपल्यालाच करावी लागेल.

म्हणून एक काम सुचवते. स्वतंत्र मंडळाच्या मागणीच्या निवेदनावर आपण सह्या करूच. त्यासोबत प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या अशा बायकांची वही करायची: राज्य ओलांडून लग्न होऊन आलेल्या, तिकडून टाकून दिलेल्या, हंगामाला जाणाऱ्या. कोणता कागद कुठे अडला, कोणी कोणाची सही मागितली, किती फेऱ्या आणि किती भाडं, एवढंच लिहायचं. नावं आपल्यापाशी ठेवायची, बाहेर फक्त आकडे द्यायचे. नवऱ्याच्या सहीशिवाय परित्यक्तेचं नाव कार्डातून वेगळं व्हावं आणि तिच्या राहण्याचा पुरावा तिच्या स्वतःच्या कामावरून, मतदानावरून, मुलांच्या शाळेवरून धरला जावा, या दोन मागण्या त्या वहीच्या आधारे दोन्ही राज्यांत मांडता येतील. सुरतेतल्या आपल्या बायकांशी त्यासाठी बोलायला हवं. शिंदखेड्याच्या गटातल्या दोघीजणी पुढच्या महिन्यात तिकडे जाणारच आहेत, बहिणींच्या घरी. त्यांच्याकडे पन्नास फॉर्म देऊ.

फॉर्मचा कच्चा नमुना मागच्या टेबलावर आहे. अहिराणीत आणि भिलोरीत विचारता येईल असे प्रश्न हवेत, ते मला एकटीला जमणार नाहीत. जेवणाच्या सुट्टीआधी वीस मिनिटं आहेत. तोवर वसाहतींतल्या मैत्रिणींनी पुढे येऊन बोलावं.